तोंडी तक्रारीला आवक नंबर नसतो

वाचकहो, आपल्या परभणी जिल्ह्यात बर्फ पडत नाही. गारपीट झाली तर घटकाभर अंगण पांढरे दिसते आणि मग त्याचे पाणी होऊन जाते. थंड देशांत मात्र रस्त्यावर बर्फ साचतो, त्यावरून माणसे घसरतात आणि सरकारी जागेत पडलेला माणूस सरकारकडे भरपाई मागतो, असे वाचले की आपल्याला हसू येते. ‘पाय घसरला याचा, आणि पैसे द्यायचे सरकारने?’ असे आपण सहज बोलून जातो.

पण जरा आषाढ-श्रावणातले आपले गाव डोळ्यांपुढे आणा. आपली काळी चिकण माती एका सरीत लोण्यासारखी होते. कचेरीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते. दवाखान्याच्या ओट्याला लावलेली गुळगुळीत फरशी ओल्या चपलांनी आरशासारखी होते. बसस्थानकात खड्डा कुठे आणि डबके कुठे, ते पाऊल टाकल्यावरच कळते. गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर आंघोळीला उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा हात धरावा लागतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. बर्फ आपल्याकडे नसेल, पण बर्फाचा धाकटा भाऊ शेवाळ दर पावसाळ्यात मुक्कामाला असतो. आणि जिथे शेवाळ आहे तिथे पडलेली माणसे आहेतच.

पडलेल्या माणसाला आपण उचलतो, हळद लावतो, दवाखान्यात नेतो. पुढे काय म्हणतो? ‘नशिबात होते, घडले.’ हा शब्द आपल्या हाडीमासी मुरलेला आहे. मराठवाड्यात १९४८ सालापर्यंत निजामाचे राज्य होते. त्या मोगलाईत सरकारी वाड्याच्या दारात पडलेल्या माणसाने उलट भरपाई मागायची, हे कुणाच्या स्वप्नातही आले नसते. सरकार म्हणजे मायबाप, आणि मायबापावर कुणी दावा लावतो का? राज्य गेले, पण मनातली ती पायरी अजून तशीच आहे. तीही निसरडीच!

कायदा मात्र पुढे गेला आहे. आपल्या राज्यघटनेच्या ३००व्या कलमाप्रमाणे राज्य सरकारवर दावा लावता येतो. राजस्थानात उदयपूरला कलेक्टरांची सरकारी जीप दुरुस्तीहून परत आणताना चालकाने हयगय केली आणि रस्त्याने जाणारा एक माणूस मेला. त्याच्या विधवेने दावा लावला. चालक सरकारच्या नोकरीत असताना त्याने केलेल्या हयगयीची भरपाई सरकारने दिलीच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली दिला. पुढे १९६५ साली पोलिसांच्या ताब्यातील सोन्याच्या एका प्रकरणात न्यायालयाने सरकारला सोडून दिले, कारण ते काम राज्यसत्तेचे, सार्वभौम स्वरूपाचे मानले गेले. पण पायऱ्या धुणे, रस्त्याचा खड्डा बुजवणे, गळकी टाकी दुरुस्त करणे यांत सार्वभौम ते काय? ते तर घरमालकाचे काम. आणि घरमालकाने आल्यागेल्याची काळजी घ्यावी, हा साधा न्याय सरकारलाही लागू आहे.

एवढे वाचून कुणी म्हणेल, ‘चला, मग पडलो की पैसे मिळाले!’ तसे नाही. तेच सांगण्यासाठी मी लिहायला बसलो आहे.

माझ्या थोरल्या वहिनी भाद्रपदात एका दाखल्यासाठी एका सरकारी कार्यालयात गेल्या होत्या. कार्यालयाच्या छतावरची पाण्याची टाकी भरून वाहायची आणि ते पाणी दिवसभर पायऱ्यांवर ठिबकत असायचे. हिरवेगार शेवाळ माजले होते. तिथला शिपाई स्वतः बाजूच्या दाराने ये-जा करी. रोजची माणसे जपून पाय टाकत. वहिनी दुसऱ्या पायरीवरून घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, दोन महिने अंथरुण धरले. सोयाबीन काढणीला आलेले. घरात त्यांच्या हाताची सवय असलेल्या दोन म्हशी. एक म्हैस पोळ्यानंतरच्या बाजारात निम्म्या किमतीत गेली, सोयाबीन मजुरांच्या हाताने निघाले. मला म्हणाल्या, “भाऊजी, सरकारच्या दारात पडले मी. आता कोनाला म्हनावं?”

आम्ही वकिलामार्फत नोटीस दिली. महिन्याभराने उत्तर आले. त्यात तीनच गोष्टी होत्या. पायऱ्यांबाबत कार्यालयाकडे कोणतीही तक्रार आलेली नाही. त्या दिवशी पाऊस होता. आणि येणाऱ्याने पाय जपून टाकायला हवा होता. गावात ज्याला विचारावे तो सांगे, ‘मी साहेबांना दहादा बोललो होतो.’ पण बोललेले कुठे दिसणार? तोंडी तक्रारीला आवक नंबर नसतो. वकील म्हणाले, दावा चालेल, टाकी त्यांचीच होती; पण महिनोन्‌महिने पाणी गळत होते हे साक्षीदारांनी कोर्टात येऊन सांगावे लागेल, आणि तेही तारखेवर तारखा. पेरणी-काढणीच्या दिवसांत कोण येणार? जे दहादा बोलले होते त्यांची तोंडे कोरडी पडली. प्रकरण तिथेच राहिले. वहिनी आज काठी घेऊन चालतात.

या गोष्टीनंतर मी दोन निकाल समजून घेतले. ते तुम्हीही लक्षात ठेवा, कारण सगळे मर्म त्यांच्यात आहे.

पहिला दिल्लीचा. चांदणी चौकात नगरपालिकेचा घड्याळाचा मनोरा होता. तो कोसळला आणि खालची माणसे चिरडून मेली. नगरपालिका म्हणाली, आतला दोष आम्हाला दिसत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली ते ऐकले नाही. मनोरा ऐंशी वर्षांचा आणि तसल्या चुन्याच्या बांधकामाचे आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे. मालकी तुमची, ताबा तुमचा, तर तपासणी करणे तुमचेच काम, असे सांगून भरपाई कायम केली.

दुसरा राजकोटचा. रस्त्याच्या कडेचे झाड अचानक पडून खालून जाणारा माणूस मेला. खालच्या न्यायालयांनी त्याच्या कुटुंबाला भरपाई दिली होती. पण १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. झाड वरून निरोगी दिसत होते, ते पडेल याची कल्पना महापालिकेला असण्याचे कारण नव्हते, म्हणून तिला जबाबदार धरता येत नाही, असे ठरले.

मनोऱ्याने भरपाई मिळवून दिली, झाडाने दिली नाही. फरक कशात? पडण्यात नाही, मरण्यातही नाही. जाणाऱ्याचे दुःख दोन्हीकडे सारखेच. फरक ‘माहीत होते का, किंवा माहीत असायला हवे होते का’ या एका प्रश्नात आहे. आणि सरकारी कचेरीला एखादी गोष्ट माहीत होती, हे सिद्ध करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे आधी दिलेला लेखी अर्ज आणि त्याच्या प्रतीवर मारून घेतलेला शिक्का.

‘पाऊस होता’ ही सबबही नेहमी टिकत नाही. तमिळनाडूत दक्षिण आर्काट भागात मोठ्या पावसात रस्त्यावरचा पूल खचून बस पाण्यात गेली. महामार्ग खात्याने पावसाकडे बोट दाखवले. पावसाळ्यात पाऊस येणारच, त्यासाठी आधीच काळजी घेणे हे खात्याचे काम, अशा अर्थाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली दिला. आपण शेतकरी तरी दुसरे काय करतो? मृगाच्या आधी बांध घालतो, गोठा शाकारतो. पाऊस आला म्हणून गोठा गळला, असे सांगितले तर घरची बाईसुद्धा ऐकून घेत नाही.

आता त्या बर्फाच्या देशाचे ऐका. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराने १९७९ साली एक कायदा केला. रस्त्यातल्या वा पदपथातल्या दोषाची लेखी सूचना शहराला आधी मिळालेली नसेल, तर त्या दोषामुळे पडलेल्या माणसाला भरपाईचा दावा लावता येणार नाही. बर्फालाही हाच नियम. यामुळे पडलेल्यांची वाट बंद होईल, असे वाटले. पण तिथल्या वकिलांनी १९८२ साली एक संस्था काढली. तिची माणसे रस्तोरस्ती पायी हिंडली, कुठे फरशी उचकटली, कुठे खड्डा आहे, याच्या खुणा नकाशावर केल्या आणि ते नकाशेच लेखी सूचना म्हणून शहराकडे दाखल करून टाकले! म्हणजे तिकडेही मूळ प्रश्न तोच, आणि उत्तरही तेच: आधी कागद. आपल्याकडे असा कडक नियम नाही, लेखी अर्ज नसला तरी दावा लावता येतो. पण अर्ज असला की निम्मी लढाई आधीच लढून झालेली असते.

मग अर्ज द्यायचा कुणाकडे? जागा कुणाची, ते आधी विचारा. गावातली नाली, आडाचा ओटा, गल्लीतली फरशी ग्रामपंचायतीची. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि प्राथमिक शाळा बहुधा जिल्हा परिषदेची. तहसील कचेरी राज्य सरकारची, आणि तिची दुरुस्ती सहसा सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असते. रस्त्यांत काही जिल्हा परिषदेचे, काही बांधकाम खात्याचे, काही राष्ट्रीय महामार्ग. बसस्थानक एसटी महामंडळाचे. जायकवाडीचा कालवा आणि त्यावरच्या मोऱ्या पाटबंधाऱ्याच्या. पूर्णेचे, परभणीचे फलाट रेल्वेचे. परभणी शहरात २०११ पासून महानगरपालिका आहे, सेलू-जिंतूर-मानवतला नगरपालिका. चुकीच्या दारात दिलेला अर्ज दुसऱ्या दारात पोचेपर्यंत पावसाळा संपतो.

अर्जाला वकील लागत नाही. ‘अमुक कार्यालयाच्या दक्षिणेकडच्या पायऱ्यांवर टाकीचे पाणी पडून शेवाळ धरले आहे. माणसे पडण्याचा धोका आहे. आठ दिवसांत दुरुस्ती करावी.’ खाली तारीख, पाच-दहा सह्या. दोन प्रती करा, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या आणि ती प्रत शाळेच्या दाखल्यासारखी जपा. घेत नाहीत असे म्हणाले तर पोच असलेल्या टपालाने पाठवा.

एवढे करूनही कुणी पडलेच, तर काय करावे? आधी माणूस दवाखान्यात, हे सांगायला नको. पण बरोबरच्या एकाने त्याच दिवशी मोबाइलवर त्या जागेचे फोटो काढावेत: शेवाळ, गळते पाणी, तुटकी फरशी, जवळून आणि लांबून. दुसऱ्या दिवशी पायरी घासून लखलखीत झालेली असते! पाहणाऱ्या दोघांची नावे लिहून घ्यावीत. दवाखान्यात ‘घरी पडलो’ असे सांगू नये. कुठे आणि कसे पडलो, तेच केसपेपरवर लिहायला सांगावे, कारण तो कागद पुढे सर्वांत जास्त बोलतो. औषधाच्या पावत्या, एक्स-रे, गाडीभाडे, बुडालेली मजुरी, लावलेले गडी, सगळ्याची एक वही करावी. आणि त्या कार्यालयाला लगेच लेखी कळवावे. देखभाल कधी केली, टाकीच्या तक्रारी किती आल्या, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येते. २००५ च्या त्या कायद्याप्रमाणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

मुदतीची गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. राज्य सरकारवर दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८०व्या कलमाप्रमाणे आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ती जिल्हाधिकाऱ्यांकडे देता येते. रेल्वेच्या बाबतीत ती महाव्यवस्थापकांकडे जाते. नगरपालिका, महानगरपालिका, ग्रामपंचायत यांच्या कायद्यांत एक महिन्याची नोटीस आणि सहा महिन्यांच्या आत दावा, अशी अट आहे. सरकारवरच्या काही दाव्यांनाही एकच वर्षाची मुदत आहे. ‘बरे वाटू द्या, सुगी होऊ द्या, मग पाहू’ असे म्हणता म्हणता हक्क हातचा जातो. हाड जुळायला वेळ लागतो, पण नोटीस लिहायला एक दुपार पुरते.

वकिलाच्या फीची धास्ती घेऊ नका. १९८७ च्या विधि सेवा कायद्याप्रमाणे बायका, मुले, अनुसूचित जाती-जमातीची माणसे आणि अपंग व्यक्ती यांना त्यांचे उत्पन्न न पाहता वकील फुकट मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. परभणीला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधि सेवा प्राधिकरण आहे, १५१०० या नंबरावर फोनही करता येतो. दोन्ही बाजू राजी असतील तर प्रकरण लोकअदालतीत मिटवता येते, तिथे वर्षे जात नाहीत.

आता बायकांसाठी वेगळे सांगतो. वहिनींच्या वेळी आमच्याच घरात एकजण म्हणाला, ‘त्यांची मजुरी कुठे बुडाली? त्या तर घरीच असतात.’ हे न्यायालयसुद्धा मानत नाही! जमशेदपूरला १९८९ साली एका समारंभात आग लागून अनेक बायका-मुले गेली. त्या प्रकरणात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या घरकामाचे मोल त्या काळी महिना तीन हजार रुपये धरले. २०२१ सालीही एका अपघाताच्या खटल्यात घरकामाला मोल आहे, हे न्यायालयाने पुन्हा ठासून सांगितले. पहाटेचे दूध काढणे, चुलीपुढचे काम, खुरपणी, म्हाताऱ्यांची उठबस, हे सगळे त्या वहीत लिहा. कागदावर उतरले की घरच्यांनाही त्याचे वजन कळते.

आणखी एक योजना आहे, तिला कुणाची चूक दाखवावी लागत नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत १० ते ७५ वयाच्या खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका माणसाला संरक्षण आहे. अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये, दोन अवयव गेले तर दोन लाख, एक अवयव वा एक डोळा गेला तर एक लाख. साधे हाड मोडले तर यात काही मिळत नाही. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लगेच करायचा.

रस्त्यांबाबत तर अलीकडे मोठी गोष्ट घडली आहे. २०१७ च्या ऑगस्टात मुंबईत अतिवृष्टीच्या पाण्यातून चालत घरी निघालेले डॉ. दीपक अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. एवढा नामांकित डॉक्टर, आणि मरण एका झाकणापायी! खड्ड्यांचा विषय मुंबई उच्च न्यायालयापुढे २०१३ पासून चालू होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितले की खड्डे आणि उघडी मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमीला दुखापतीप्रमाणे पन्नास हजार ते अडीच लाख रुपये द्यावेत. चांगला रस्ता ही मेहेरबानी नाही, जगण्याच्या हक्काचाच तो भाग आहे, अशी न्यायालयाची भूमिका आहे.

पण खरे तेच सांगतो: प्रत्येक पडण्याला सरकार जबाबदार नसते. भर पावसात, घाईत, झिजलेल्या चपलेने, फोन कानाला लावून पळत गेलो तर न्यायालय आपलाही वाटा धरते आणि रक्कम तेवढी कमी करते. दाव्याला वेळही लागतो. म्हणून खोटा दावा करू नये, आणि खरा सोडू नये.

वहिनी काठीवर चालू लागल्या तेव्हा गावातल्या बायकांनी त्या कार्यालयाला तीन ओळींचा अर्ज दिला, शिक्का घेतला. बाराव्या दिवशी टाकीचा कॉक बदलला गेला. नंतर जात्याला लावतात तशी पायऱ्यांना टाकी लावून त्या खरबरीत केल्या आणि बाजूला लोखंडी कठडा बसला. एवढेच काम होते! हजार-दोन हजारांचे असेल. ते आधी झाले असते तर एक हाड शाबूत राहिले असते.

म्हणून वाचकहो, माझे मागणे एवढेच आहे. १ मे ला आपल्या गावी ग्रामसभा होते. पाऊस महिना-सव्वा महिन्यावर असतो. त्या सभेत दरवर्षी एक विषय ठेवा: गावात आणि जिथे आपले नेहमी जाणे-येणे असते तिथे पाय घसरण्याच्या सरकारी जागा कोणत्या? यादी करा, ठरावात लिहा, ज्या त्या कचेरीला नक्कल पाठवा, पोच घ्या. या कामाला पैसा लागत नाही, पुढारी लागत नाही. शाळेतली पोर पाटीवर लिहिते तेवढे लिहिता आले की पुरे. भरपाईने मोडलेले हाड सांधत नाही. पण वेळेवर दिलेला कागद कुणाच्या तरी आईचा पाय वाचवतो, आणि नाहीच वाचला तर तिच्या बाजूने बोलायला निदान तो कागद तरी उभा राहतो.